जुन्या पेटीचा आवाज मोठा?

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या गावात हरिनाम सप्ताह होत असेल, तर भजनी मंडळाची पेटी तुम्ही नक्कीच पाहिली असेल. बाजाची पेटी, हार्मोनियम, संवादिनी ही सारी तिचीच नावे. पेटीच्या आसपास बसणारी म्हातारी माणसे एक वाक्य हमखास बोलतात, "आताच्या पेट्यांना आवाजच नाही. आमच्या वेळची पेटी वेशीपर्यंत ऐकू जायची!"

हे खरे असेल का? जुन्या पेटीचा आवाज खरोखरच नव्या पेटीपेक्षा मोठा असतो का? की हे आपले 'जुने ते सोने' या म्हणीतलेच एक बोलणे?

या प्रश्नाशी माझी गाठ पडली ती अमळनेरहून धुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात. तिथल्या भजनी मंडळाकडे दोन पेट्या होत्या. एक जुनी, आतल्या पितळेवर जर्मनीचा शिक्का असलेली, आणि दुसरी काही वर्षांपूर्वी वर्गणीतून घेतलेली नवी. जुन्या पेटीला एक गिऱ्हाईक आले होते. तरुण मंडळींचे म्हणणे, पेटी देऊन टाकावी आणि आलेल्या पैशांत कर्णा आणि ध्वनिवर्धक घ्यावा, कारण जुन्या पेटीचा आवाज शेवटच्या माणसाला ऐकूच येत नाही. पंचेचाळीस वर्षे ती पेटी वाजवणारे आबा म्हणत होते, "त्या पेटीइतका आवाज दुसऱ्या कुठल्या पेटीला असेल, तर मी वाजवणे सोडीन." दोन्ही बाजू हट्टाला पेटल्या. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो हे ठाऊक असल्यामुळे निवाडा माझ्याकडे आला. मी म्हटले, "निवाडा मी कशाला करू? आपण पेट्यांनाच विचारू."

पण पेटीला विचारायचे, तर आधी ती बोलते कशी हे कळायला हवे.

पेटीत बोलते कोण?

पेटीची एक पट्टी उचलून पाहिली, तर तिच्याखाली एक भोक दिसते. त्या भोकाच्या खालच्या बाजूला पितळेची एक लांबट पट्टी स्क्रूने बसवलेली असते. त्या पट्टीला एक अरुंद खाच असते आणि खाचेवर पितळेची पातळ जीभ एका टोकाशी रिव्हेटने घट्ट केलेली असते. दुसरे टोक मोकळे. या जोडीला रीड म्हणतात. पेटी करणारे कारागीर तिलाच 'सूर' म्हणतात, पण आपला गोंधळ होऊ नये म्हणून इथे आपण रीड हाच शब्द वापरू.

भाता दाबला की आतल्या हवेचा दाब वाढतो. पट्टी दाबली की भोक उघडते आणि हवा खाचेतून बाहेर धावते. जाता जाता ती जिभेला खाचेत ओढून घेते. जीभ खाचेत शिरली की वाट बंद. मग जीभ स्वतःच्या ताठपणामुळे परत उसळते आणि वाट पुन्हा उघडते. मध्य सप्तकातली पांढरी सहा दाबली, तर हे सेकंदाला सुमारे ४४० वेळा घडते. म्हणजे हवेच्या झोताचे सेकंदाला ४४० तुकडे पडतात. हे तुकडेच आपल्या कानावर येऊन आदळतात आणि आपण म्हणतो, पेटी वाजली.

तुम्ही म्हणाल, आवाज तर त्या पितळी जिभेचा असणार! मग एक करून पाहा. पेटी दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे एखादा सुटा रीड मिळाला, तर त्याची जीभ नखाने हलकेच छेडा. कानाशी धरली तरच ऐकू येईल असा क्षीण 'टिंग' उमटेल. तोच रीड तोंडाने फुंका. घर दणाणेल. म्हणजे बोलते ती हवा. जीभ फक्त तिचे मोजूनमापून तुकडे करते.

ही युक्ती फार जुनी आहे. चीनमध्ये 'शेंग' नावाचे अशाच मोकळ्या जिभेचे वाद्य शतकानुशतके वाजत आले आहे. युरोपात १८२९ साली चार्ल्स व्हीटस्टन यांनी अशा रीडच्या एका लहान वाद्याचे पेटंट घेतले आणि पुढे त्यातूनच हातात धरून वाजवायची कॉन्सर्टिना तयार झाली. होय, विजेचा रोध मोजायच्या ज्या 'व्हीटस्टन ब्रिज'चे नाव तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचाल, तेच हे व्हीटस्टन! १८४२ साली पॅरिसच्या अलेक्झांडर डेबेन यांनी हार्मोनियमचे पेटंट घेतले. ती पायाने भाता हलवायची पेटी होती. जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या आपल्या गवयांसाठी हाताने भाता मारायची पेटी बनवली ती कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी, १८७५ च्या सुमारास. संगीत नाटकांनी आणि कीर्तन-भजनांनी ती महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात नेली. पूर्वी चांगले रीड जर्मनी आणि फ्रान्सहून येत. आज गुजरातेतल्या पालिताण्याचे रीड प्रसिद्ध आहेत. गंमत अशी की, जुनी कॉन्सर्टिना मोठी की नवी, हा वाद तिकडचे वादकही आपल्या आबांइतक्याच हिरिरीने घालतात.

मोठा म्हणजे किती मोठा?

आवाजाची पातळी डेसिबेलमध्ये मोजतात. शांत खेड्यातल्या रात्री ती साधारण ३० डेसिबेल असते, तर समोरासमोर बसून बोलताना सुमारे ६०. पण हे माप फूटपट्टीसारखे नाही. ध्वनीची शक्ती दुप्पट झाली की आकडा फक्त ३ ने वाढतो. शक्ती दसपट झाली, तर तो १० ने वाढतो. आणि आपल्या कानाला आवाज 'दुप्पट' वाटायला साधारण एवढी, म्हणजे १० डेसिबेलची वाढ लागते.

यातून एक मजेदार गोष्ट निघते. पेटीची एक खुंटी ओढून रीडची एक ओळ वाजवली आणि मग दुसरी खुंटी ओढून तितकीच जोरदार दुसरी ओळ तिच्या जोडीला आणली, तर आवाज दुप्पट व्हायला हवा असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात आकडा जेमतेम ३ डेसिबेलने वाढतो. कानाला पेटी भरीव लागते, पण दुप्पट मोठी नाही.

अंतराचेही असेच. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की पातळी ६ डेसिबेलने उतरते. म्हणजे एक पेटी १ मीटरवरून ऐकली आणि दुसरी २ मीटरवरून, तर जवळची पेटी विनाकारण जिंकणार. तेव्हा तुलना करायची, तर अंतर तेच, जागा तीच, पट्टी तीच, रीडच्या ओळी तेवढ्याच आणि भात्याचा दाब तोच हवा. बदलायची ती फक्त पेटी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगाचा पहिला नियम. शाळेच्या प्रयोगवहीत तो लिहायला सोपा असतो. देवळाच्या ओट्यावर पाळायला किती अवघड, ते आता पाहा.

पहिली फेरी

माझ्याबरोबर कॉलेजातली पाच-सहा मुले होती. देवळाच्या सभामंडपात पंखे बंद केले. पेटी ठेवायची जागा खडूने आखली. तिथून २ मीटरवर एका स्टुलावर मोबाइल ठेवला. मोबाइलमधल्या ध्वनिमापकाचा आकडा प्रयोगशाळेतल्या यंत्राइतका विश्वासाचा नसतो. पण तोच मोबाइल, त्याच जागी, दोन्ही वेळा वापरला, तर तुलनेपुरते काम भागते.

आधी नवी पेटी वाजवली, मग जुनी. जुन्या पेटीचा आकडा सरळ सरळ खाली! मोबाइल पाहायचीही गरज नव्हती. सगळ्यांना कानांनीच कळले. तरुण मंडळी टाळ्या पिटू लागली. आबा काही बोलले नाहीत, पेटीवर हात ठेवून बसून राहिले.

इथे थांबलो असतो, तर पेटी त्याच आठवड्यात गेली असती. पण एक गोष्ट आम्ही सारखी ठेवलीच नव्हती, ती म्हणजे भात्याचा दाब. तो मोजायला काय हवे? सलाइनची एक पारदर्शक नळी. ती इंग्रजी 'यू' अक्षरासारखी वाकवून लाकडी फळीवर बांधली आणि तिच्यात रंगीत पाणी भरले. पेटीची कडेची एक पट्टी काढून तिच्याखालच्या भोकात बुचासह नळीचे एक टोक घट्ट बसवले. भाता मारला की एका बाजूचे पाणी खाली जाते, दुसऱ्या बाजूचे वर चढते. दोन्ही पातळ्यांतला फरक म्हणजे दाब. ५ सेंटिमीटरचा फरक म्हणजे सुमारे ४९० पास्कल. वातावरणाच्या दाबाच्या दोनशेव्या हिश्श्याहूनही कमी! एवढ्याशा फुंकरीवर सारे भजन चालते.

नव्या पेटीचे पाणी ५ सेंटिमीटरवर सहज टिकले. जुन्या पेटीत ते चढायचे आणि लगेच ओसरायचे. मग आणखी एक परीक्षा घेतली. एकही पट्टी न दाबता आतला भाता पूर्ण भरायचा आणि तो बसायला किती वेळ लागतो ते पाहायचे. नव्या पेटीचा भाता एक अख्खा अभंग म्हणून झाला तरी फुगलेला. जुन्या पेटीचा पहिल्या कडव्यातच बसला. हवा कुठून तरी पळत होती.

उदबत्तीची साक्ष

चोर पकडायला देवळातलीच उदबत्ती कामी आली. पेटलेली उदबत्ती भात्याच्या घड्यांच्या कडेने आणि लाकडाच्या सांध्यांवरून हळूहळू फिरवली. धुराची सरळ रेघ दोन ठिकाणी एकदम फिसकटली. तिथे कातडे तडकले होते आणि एक सांधा उघडला होता.

यात नवल नाही. आपल्या खानदेशातल्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि हवा कोरडी ठणठणीत होते. लाकूड आकसते, कातडे वाळून कडक होते. मग जूनमध्ये पाऊस पडला की हवेतली वाफ शोषून लाकूड पुन्हा फुगते. वर्षानुवर्षे ही ओढाताण चालली की सांधे सुटणारच. शिवाय आतल्या भात्याखालच्या स्प्रिंगाही सैल पडतात. म्हणजे पेटीचा आवाज गेला नव्हता, गेली होती ती तिची हवा.

पेटी धुळ्याच्या एका कारागिराकडे नेली. त्यांनी भात्याला नवे कातडे लावले, सांधा बसवला, स्प्रिंगा बदलल्या. रीडना मात्र हात लावू दिला नाही. नाही तर पुन्हा दोन गोष्टी एकदम बदलल्या असत्या.

दुसरी फेरी

या वेळी मध्ये चादर बांधली. ऐकणारे चादरीच्या पलीकडे. कोणती पेटी आधी वाजवायची ते नाणे उडवून ठरवायचे. हे कशासाठी? आपल्याला उत्तर आधीच ठाऊक असले, की कान तेच ऐकतात. जुनी पेटी समोर दिसली असती, तर आबांच्या बाजूच्या लोकांना ती मोठीच वाटली असती.

एक मुलगा नळीतल्या पाण्यावर डोळा ठेवून भाता मारत होता, पाणी ५ सेंटिमीटरच्या खुणेवर. रीडची एकच ओळ आणि तीच पांढरी सहा. मोबाइलवर दोन्ही पेट्यांतला फरक इतका थोडा, की आकड्याच्या नेहमीच्या खाली-वर होण्यातच तो हरवून जाई. 'मोठी कोणती?' या प्रश्नावर ऐकणाऱ्यांची मतेही जवळजवळ निम्मी-निम्मी पडली. पण 'स्पष्ट कोणती?' असे विचारल्यावर बरेच हात जुन्या पेटीसाठी वर आले. आणखी एक गोष्ट दिसली. भाता अगदी हलका ठेवला, तर नवी पेटी मुकी असताना जुनी बोलू लागे.

याचे कारण रीडच्या जिभेभोवतीच्या फटीत असावे. थोडा हिशोब करू. समजा, खाच २८ मिलिमीटर लांब आणि ३.५ मिलिमीटर रुंद आहे. तिचे क्षेत्रफळ ९८ चौरस मिलिमीटर. जिभेच्या दोन लांब बाजू आणि मोकळे टोक मिळून कड झाली ५९.५ मिलिमीटर. भोवतालची फट ०.०५ मिलिमीटर असेल, तर वाट 'बंद' असतानाही सुमारे ३ चौरस मिलिमीटर उघडे राहतात. फट ०.१ मिलिमीटर झाली, तर ६. म्हणजे जिथे हवेचा झोत कात्रीने कापल्यासारखा तुटायला हवा, तिथे तो बोथट विळ्याने कापला जातो. जीभ हलायला लागण्यासाठी दाबही जास्त लागतो.

झोत जितका झटकन तुटतो, तितके त्या स्वरात वरच्या पटींचे स्वर जास्त मिसळतात. ४४० बरोबर ८८०, १३२० आणि पुढे कितीतरी. आपला कान २००० ते ५००० हर्ट्झ या पट्ट्यात सर्वांत तिखट असतो. कानाची ही आवडनिवड मोबाइलचा आकडा फार तर ढोबळमानाने लक्षात घेतो. म्हणून आकडा तोच राहूनही एखादा स्वर गर्दीतून उठून ऐकू येतो. फट राखणे हे कारागिराच्या कानशीचे कौशल्य आहे, सालाचे नव्हे. आज काळजीने बसवलेला रीडही तसाच बोलेल आणि जुना रीड ढिला बसवलेला असेल, तर तो घोगराच राहील.

मग सगळ्यांना जुनी पेटीच मोठी का आठवते?

पहिले कारण, टिकल्या त्या चांगल्याच पेट्या. साठ-सत्तर वर्षांपूर्वी वाईट पेट्याही होत्याच. त्या मोडल्या, विकल्या, चुलीत गेल्या. उरलेल्या निवडक पेट्यांची तुलना आपण आजच्या सरसकट पेट्यांशी करतो.

दुसरे कारण, गाव बदलले. ३० डेसिबेलच्या शांततेत पेटी खरोखरच वेशीपर्यंत पोचत असेल. आज त्याच मंडपात पंखे, मोटारसायकली, पलीकडच्या गल्लीतला कर्णा यांचा गलका ६० डेसिबेलवर असतो. त्यात पेटीचा आवाज बुडतो. पेटी तेवढीच बोलते.

तिसरे कारण आम्हाला आबांनीच दाखवले. शेवटी मी मोबाइलवरून एकेक उंच स्वर वाजवत गेलो आणि ऐकू येईल तोवर हात वर ठेवायला सगळ्यांना सांगितले. लहान वयात २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येऊ शकते. वयाबरोबर वरचे स्वर आधी जातात. पहिला हात आबांचा खाली आला. मग माझा. मुलांचे हात त्यानंतरही बराच वेळ वर होते. आबांनी वळून ते हात पाहिले. थोडा वेळ गप्प बसले आणि हसून म्हणाले, "पेटी म्हतारी नही व्हयनी सर, माना कान म्हतारा व्हई ग्यात."

आबा आठवणीतली पेटी तरुण कानांनी ऐकत होते आणि समोरची पेटी आजच्या कानांनी. दोन मोजमापे, पण मोजणारे यंत्रच मध्ये बदललेले! यात त्यांची चूक नाही. वयाने गेलेले ऐकणे कोणाच्या हातात नसते. पण कर्ण्याच्या भिंतीपुढे नाचून तुम्ही विसाव्या वर्षी गमवाल, ते मात्र तुमच्या हातात आहे. ८५ डेसिबेलच्या वर रोज तासन्‌तास राहिले, तर कानाच्या आतल्या ज्या नाजूक पेशी मरतात, त्या पुन्हा उगवत नाहीत. पेटीला नवे कातडे लावता येते, कानाला नाही.

जुनी पेटी मंडळाने विकली नाही. एकादशीला आता दोन्ही पेट्या वाजतात. भजनाच्या वेळी पंखे बंद ठेवायचे, असेही ठरले. मात्र मित्रांनो, एका गावच्या दोन पेट्यांवरून साऱ्या जुन्या-नव्या पेट्यांचा निकाल लागत नाही. त्यासाठी पुष्कळ पेट्या तपासायला हव्यात, आणि ते काम तुम्ही करू शकता.

करून पाहा

१) शाळेतली किंवा देवळातली पेटी, मोठ्यांच्या परवानगीने, घ्या. एकही पट्टी न दाबता आतला भाता भरा आणि तो बसायला किती सेकंद लागतात ते मोजा. असे पाच वेळा करून सरासरी काढा.

२) भाता लवकर बसत असेल, तर उदबत्तीच्या धुराने गळती शोधा. जळते टोक कातड्यापासून आणि कापडापासून दूर ठेवा. शिक्षकांना जवळ बसवा.

३) मैदानावर पेटीपासून १, २, ४ आणि ८ मीटरवर एकाच मोबाइलने पातळी मोजा. प्रत्येक वेळी आकडा ६ ने उतरतो का? मैदानावर आणि वर्गात वेगळा का येतो?

४) दोन पेट्या मिळाल्या, तर चादर बांधून परीक्षा घ्या. ऐकणाऱ्यांची मते आधी कागदावर लिहून घ्या, मगच चादर सोडा.

पेटीवर किती वर्षांची धूळ आहे, तेही वहीत लिहायला विसरू नका. आणि वाजवणाऱ्या आजोबांना चादरीच्या अलीकडे नव्हे, तर तुमच्याबरोबर पलीकडे बसवा.